व्याह्यांनी पाठवलेलं हाड

मला कोणी फुकट काही दिलं की मी आधी ते उलटंपालटं करून बघतो. ही धंद्याची सवय. बंद पडलेल्या हॉटेलांचे फ्रीझर, वाफेच्या पेट्या, भाताचे मोठे कुकर विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि नवं हॉटेल टाकणाऱ्याला विकायचे, हे माझं काम. सिंगापुरात एक हॉटेल बंद होतं तेव्हा शेजारी दुसरं उघडत असतं, त्यामुळे माझं बरं चाललंय. समोरचा माणूस आपल्या फ्रीझरचं कौतुक करत असतो तेव्हा मी दाराचं रबर दाबून बघत असतो. खोट सापडली की भाव पाडता येतो. मिरजेहून आलो तेव्हा माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं आणि दुसऱ्याच्या वर्कशॉपमधली नोकरी. पुढचं सगळं या खोट शोधण्यावर उभं राहिलं.

त्यामुळे अमेरिकेहून व्याह्यांचं खोकं आलं तेव्हा मी डोळ्यांना चष्मा लावूनच बसलो. पण बायकोने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"अहो, व्याह्यांकडून पहिल्यांदाच काहीतरी आलंय. आधी देवापुढे ठेवू द्या."

लाकडाच्या भुशात दोन वस्तू होत्या. एक होती काळपट लाकडाची, वीतभर, पुढे तोंड रुंद होत गेलेली, बारीक तुतारीसारखी. दुसरी म्हणजे हस्तिदंती रंगाची, किंचित वाकडी नळी. तीन तुकडे एकात एक बसवलेले, सांध्यांवर लाल दोरा घट्ट गुंडाळलेला. बायको म्हणाली, काहीतरी मंगलवाद्य दिसतंय त्यांच्याकडचं. सनईच्या जातीचं. तिने दोन्ही वस्तू देव्हाऱ्यात ठेवल्या, हळदकुंकू लावलं, वर एकेक मोगऱ्याचं फूल ठेवलं आणि निरांजन ओवाळलं.

मुलीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ती फोन आईलाच करते. मी समोरच्या खुर्चीत बसून ऐकतो.

"आई, मिळालं का? टर्कीचं बोन?"

"कसलं?"

"टर्की, तो कोंबडीसारखा मोठा पक्षी, त्याच्या पंखाचं हाड. त्याची शिट्टी केलीय त्यांनी. स्वतः केलीय. आणि ती लाकडाची आहे ना, तिच्या तोंडाशीपण हाडच आहे."

बायकोने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि ती देव्हाऱ्याकडे धावली. मुलीला बिचारीला बराच वेळ आमच्या छतावरचा पंखाच दिसत राहिला. आमच्याकडे कोंबडी शिजते, मटण शिजतं, पण त्याची भांडी वेगळी आहेत, आणि देव तर पार त्या टोकाला. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळ्यांना त्या सकाळी दुसऱ्यांदा आंघोळ घडली.

"आई? हॅलो? काय झालं लाह?"

लाह हे तिचं सिंगापुरी शेपूट अमेरिकेतही गळलं नव्हतं. काय झालं ते मी सांगितलं असतं, पण मी तिच्याशी बोलत नव्हतो. मी बायकोला ऐकवलं, म्हणजे फोनलाही ऐकू जाईल असं. "बघ. मुलीच्या बापाला काय पाठवलं? हाड! कुत्र्यालासुद्धा लोक जरा मांस ठेवून टाकतात."

इथे माझं दुखणं सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला मी नुसताच भांडकुदळ वाटेन. भांडकुदळ मी आहेच, पण कारण आहे. आम्हाला ही एकच मुलगी. इथे सिंगापुरात, सेंगकांगला या फ्लॅटमध्ये वाढली, मातीचा अभ्यास करायला अमेरिकेला गेली, तिथेच नोकरीला लागली. मग एका दुपारी तिथल्या कोर्टात जाऊन तिने लग्न केलं. साक्षीला नवऱ्याचे आईवडील. आम्हाला सगळं उरकल्यावर कळवलं. घाई का, तर त्याची नोकरी बदलणार होती, विमा, कागदपत्रं, काहीतरी. मी तिच्या लग्नासाठी मिरजेतला हॉल मनात धरून ठेवला होता. आचाऱ्याशी भावसुद्धा करून झाला होता, नवरा ठरायच्या आधी. आणि मला व्याहीभेट हवी होती. दोन बाप भर मांडवात समोरासमोर येतात, शाल-श्रीफळ देतात, गळ्यात गळा घालतात. त्या क्षणी मुलीचा बाप काही वेगळाच माणूस असतो. मी दुसऱ्यांच्या लग्नांत ते बघत आलो होतो आणि माझी पाळी येईल म्हणून थांबलो होतो. ती आलीच नाही. दुसऱ्या बापाने मात्र जवळ उभं राहून सगळं बघितलं.

मी फोनवर बोललो ते बोललो. तेव्हापासून मुलगी माझ्याशी "हो बाबा" आणि "ओके बाबा" एवढंच बोलायची. मीही कमी नाही. मीही "बरं" एवढंच म्हणायचो.

तर ते हाड. बायको ते घरात ठेवायला तयार नव्हती, म्हणून मी दोन्ही वस्तू वर्कशॉपला नेल्या. जेवणाच्या सुट्टीत चष्मा लावून नीट बघितल्या. खोट शोधत होतो. लाकूड लेथवर फिरवलेलं होतं आणि कुठेही हत्यार अडखळल्याची खूण नव्हती. हाडाचे सांधे असे बसवले होते की नखाला कळत नव्हते. आतला मगज उकळून साफ, आरपार उजेड दिसत होता. दोऱ्याचा एक वेढासुद्धा दुसऱ्यावर चढला नव्हता. खोट सापडली नाही याचा मला जास्तच राग आला.

मग वाजवायला गेलो. फुंकलं. काही नाही. जोरात फुंकलं. नुसती हवा. लाकडाचीही तीच गत. माझ्या हातात आलेलं यंत्र बंद राहत नाही, हा माझा बाणा आहे, म्हणून मी शेवटी कॉम्प्रेसरची नळी लावली आणि हवा सोडली. हाड माझ्या बोटांतून सुटलं आणि पलीकडच्या उघड्या फ्रीझरमध्ये जाऊन पडलं. आवाज काही आला नाही. आला तो आमच्या तमिळ मेकॅनिकच्या हसण्याचा.

पुढचे कित्येक दिवस मी येताजाता फुंकत होतो. व्हॅन सिग्नलला थांबली की फुंकायचो. मुलीला विचारायचा प्रश्नच नव्हता. बायकोच्या हे लक्षात आलं. हाड परत घरात आलेलंही तिच्या लक्षात आलं होतं. तिने त्यासाठी स्वयंपाकघरापासून लांब, चपलांच्या कपाटावर एक बशी ठेवली होती. पुढच्या फोनवर ती म्हणाली, "अगं, ती शिट्टी वाजते कशी?"

"कोण विचारतंय?"

"मीच."

"तू? हाड तोंडात घालून?"

"नुसतं माहिती असावं म्हणून."

मुलगी म्हणाली, "त्यांना सांग, फुंकायचं नाही."

"ते कुठे फुंकतायत," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी फुगवलेले गाल खाली सोडले.

"हवा आत ओढायची, आई. ओठांनी. जीभ मध्ये आणायची नाही. बाबा रविवारी मटणाची नळी चोखतात ना, सेम तसं. लहानपणी माझ्या मैत्रिणी जेवायला आल्या की मला किती लाज वाटायची त्या आवाजाची. सेम टू सेम तो आवाज."

मी हाड उचललं, बारीक टोक ओठांच्या कोपऱ्यात धरलं आणि नळीतला मगज ओढावा तसा एक झटका दिला. फ्रीझरच्या पंख्याचं बेअरिंग गेलं की येतो तसा, बारीक, चिरका, एक आवाज आला. बायको दचकली. फोनमधून मुलगी ओरडली, "दॅट्स इट! आई, तो कोण होता?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

त्या भांडणानंतर मी तिच्याशी "बरं" सोडून बोललेले ते पहिले शब्द असावेत.

त्यानंतर मी शिकायला बसलो. ही वस्तू कशासाठी आहे ते मुलीने हळूहळू सांगितलं, आधी आईमार्फत. वसंतात तिकडचे शिकारी पहाटे झाडाला पाठ लावून बसतात आणि टर्कीच्या मादीचा आवाज काढतात. नर तो ऐकून ओरडतो आणि शोधत येतो. आवाज एका सुराचा नाही. वरून सुरू होतो आणि मध्येच मोडून खाली पडतो, क्याँ-उप्, क्याँ-उप्. तो मोडच महत्त्वाचा. ओठ घट्ट धरून ओढायचं आणि मध्ये किंचित सैल करायचे. पुढच्या टोकाशी दोन्ही हातांची ओंजळ करायची, ती उघडली की आवाज लांब जातो, मिटली की जवळच्या गवतातून आल्यासारखा वाटतो. हाडाची नळी मऊ बोलते. लाकडाची तुतारी चढी बोलते, पण तिला ओठांचं फक्त टोक लावायचं, जास्त आत घेतली की मुकी होते. थुंकी साचली की दोन्ही रुसतात. मला मोड जमायला बराच काळ गेला. चिरका आवाज वरच्यावर निघून जायचा, खाली उतरायचाच नाही.

शेजारच्या चिनी आजीने एकदा कॉरिडॉरमध्ये मला अडवलं. "अंकल, यू कीप चिकन आह?"

"नो, नो."

"कॅनॉट कीप चिकन लाह. फ्लॅट कॅनॉट." ती माझ्या खांद्यावरून घरात डोकावून बघत होती. मग हळूच म्हणाली, "गिव्ह एग्ज ऑर नॉट?"

तेव्हापासून मी सराव ईस्ट कोस्टला हलवला. रविवारी सकाळी बायको फिरायला जायची आणि मी समुद्राकडे तोंड करून दगडांवर बसायचो. सायकलवाले बघायचे, कुत्री थांबायची. जहाजं उभी असायची, त्यांना काही फरक पडत नव्हता.

व्याह्यांनी एक व्हिडिओ पाठवला. त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. उंच, पडके खांदे, डोक्यावर मळकी टोपी. ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. झाडाला टेकून बसले, हाड ओठांना लावलं, तीन मऊ आवाज काढले आणि हाड मांडीवर ठेवून दिलं. मग नुसते बसून राहिले. मला वाटलं व्हिडिओ अडकला. पण मागे पान हलत होतं. खूप वेळ ते झाडीकडे बघत होते. मग टोपी सारखी केली आणि व्हिडिओ संपला.

मी माझा आवाज फोनवर रेकॉर्ड केला आणि बायकोच्या फोनवरून मुलीला पाठवला, तिने तो पुढे त्यांना. उत्तर आलं: फार झालं.

दुसरं रेकॉर्डिंग. उत्तर: चांगलं. पण फार झालं.

तिसऱ्याला माझं डोकं फिरलं. मी बायकोच्या हातातून फोन घेतला आणि सरळ मुलीला लावला. "हा माणूस मला गप्प बस सांगतोय का?"

"बाबा, ते सगळ्यांनाच सांगतात. एकदा बोलवायचं. नराने उत्तर दिलं तर मग अजिबात नाही बोलवायचं. सारखं सारखं बोलवलं की त्याला कळतं, ही खरी नाही. तो वळतो आणि जातो."

"मग करायचं काय?"

"बसायचं. बघायचं. येतो किंवा नाही येत."

"आणि नाही आला तर?"

"तर घरी जायचं. ते कितीदा तरी रिकाम्या हाताने येतात. खूश असतात. आय डोन्ट नो, बाबा. मी मातीचं बघते."

खरं म्हणजे हे मला कोणी शिकवायला नको होतं. भाव सांगितला की तोंड मिटायचं, जो आधी बोलतो तो हरतो, यावर तर माझं घर चाललं. पण वर्कशॉपमध्ये सुचतं ते घरात सुचतंच असं नाही. त्या दिवशी मात्र मला दुसरंच काही लक्षात आलं. ती माझ्याशी बोलत होती. बायको भाजी चिरत होती आणि मध्ये कोणीच नव्हतं. यानंतर रेकॉर्डिंग मी माझ्याच फोनवरून पाठवायला लागलो. उत्तरं मला यायला लागली. "बेटर." "मोड आला!" "बाबा, मागे जहाजाचा भोंगा वाजतोय." एकदा नुसताच हसणाऱ्या कोंबडीचा इमोजी आला. मी तो वर्कशॉपमध्ये पुन्हा पुन्हा उघडून बघितला.

वर्ष संपता संपता ती, जावई आणि व्याही यायचं ठरलं. विहीणबाई गुरांपाशी थांबणार होत्या. बायको आनंदाने भांडी घासत सुटली. मग मुलीचा मेसेज आला. आम्ही हॉटेल बुक केलंय, तुम्हाला त्रास नको.

त्रास. मी तो शब्द वाचला आणि फोन पालथा ठेवला. आईबाप याच शहरात, आणि मुलगी माहेरी येणार ती हॉटेलात. बायको म्हणाली, "तुम्ही सांगा ना तिला. तुम्ही बोललात तर येईल." मी नाही म्हणालो. एखादी वस्तू आपल्याला हवी आहे हे डोळ्यांत दिसू द्यायचं नाही, हा माझा नियम. ज्याला फार हवं असतं त्याला दुप्पट भाव पडतो. मी तिला उत्तर पाठवलं, "बरं."

पण मला ते हवं होतं. त्या आठवड्यात मला दुसरं काहीच नको होतं. सकाळी उठून ती चहासाठी बडबड करत स्वयंपाकघरात येईल, एवढंच.

विमानतळावर बायकोने शाल आणि नारळ आणला होता. मुलगी दारातून आली, आईच्या गळ्यात पडली, मला वाकून नमस्कार केला आणि बाजूला उभी राहिली. जावई माझ्याशी हात मिळवून तिच्या मागे सरकला. व्याही सगळ्यात मागे, टोपी हातात घेऊन. मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. त्यासाठी मला टाचा उचलाव्या लागल्या. नारळ दिला. त्यांनी तो घेतला, कानाशी धरला आणि हलवून पाणी किती आहे ते बघितलं. मी असतो तर हेच केलं असतं. गळाभेट मात्र झाली नाही. ट्रॉलीवाले मागून येत होते, आम्ही वाटेत उभे होतो. ते हॉटेलच्या टॅक्सीत बसले. मी आणि बायको घरी आलो.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुलाउ उबीनला, जवळच्या रानातल्या बेटावर गेलो. छोट्या बमबोटीतून उतरल्यावर मुलगी, जावई आणि माझी बायकोसुद्धा, सायकली घेऊन निघाली. व्याह्यांचा गुडघा दुखतो आणि मला भाड्याच्या सायकलीचे ब्रेक पसंत पडले नाहीत. आम्ही दोघं धक्क्याजवळ एका म्हातारीच्या शहाळ्याच्या टपरीपुढे बाकावर बसलो.

माझं इंग्रजी धंद्याचं, त्यांचं खेड्यातलं. ते एवढं कमी बोलतात की अडचण आली नाही. झुडपांत रानकोंबडे फिरत होते. आदल्याच दिवशी मुलीने मला दम दिला होता, बाबा, उबीनला वाजवायचं नाही, तिथले प्राणी घाबरतात. मी आपलं हाड खिशातून काढून नुसतं हातात धरलं.

ते बघून त्यांनीही शर्टाच्या खिशातून एक काढलं. तसंच. तोच लाल दोरा. पण वाक उलटा होता. माझं उजवीकडे झुकायचं, त्यांचं डावीकडे. त्यांनी दोन्ही माझ्या तळहातावर शेजारी ठेवली आणि मग एकेक शब्द मोजून बोलावा तसं म्हणाले, "एकाच पक्ष्याची. दोन पंख."

मी मान डोलावली.

"त्या दिवशी जेवलो तो. कोर्टातून आल्यावर." थोडं थांबून ते म्हणाले, "टेबलावर तुमच्या दोघांच्या ताटल्या ठेवल्या होत्या. तिनेच ठेवायला सांगितल्या. पंख मी कोणाला खाऊ दिले नाहीत. एक तुमचा, एक माझा."

मी शहाळ्याचं पाणी पीत होतो ते पीतच राहिलो, संपल्यावरही. हे तिने मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी तेव्हा ऐकलं असतं असं नाही. त्या लग्नाचं मी मनातून काढलेलं नाही, आजही नाही. मला बोलवायला हवं होतं. पण टेबलावर माझी ताटली होती आणि मला ती दिसत होती, कडेला निळी रेघ असलेली. ती निळी रेघ कुठून आली मला माहीत नाही.

व्याह्यांनी आजूबाजूला बघितलं, मुलगी नाही याची खात्री केली आणि आपलं हाड ओठांना लावून एकच आवाज काढला. इतका बारीक, की ओंजळीच्या बाहेर पडला की नाही शंका. टपरीवाल्या म्हातारीने वाकून आपल्या टेबलाखाली कोंबडी शोधली. आम्ही दोघं गुन्हेगारांसारखे समुद्राकडे बघत बसलो.

सायकली परत आल्या. बायकोचा चेहरा लाल, मुलीच्या पायाला चिखल. ती माझ्या बाजूला बाकावर बसली, माझं शहाळं उचललं, रिकामं आहे बघून खाली ठेवलं. मी समोर बघत म्हणालो, "तुझी खोली रिकामी आहे."

एवढंच. पुढचं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. हॉटेलात पैसे कशाला घालवता, आई रोज चादर बदलते, लोक काय म्हणतील, मी काय परका आहे. बायको माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. तिची कारणं वेगळी होती, ती पुढे येतील. मुलगी पायाचा चिखल काढत बसली. बोट सुटायला वेळ होता. बोटीतही ती काही बोलली नाही, पाण्याकडे बघत होती. शेवटी मी हाड दातांत धरलं, वाजवायला नव्हे, तोंड मिटून राहावं म्हणून. धक्क्यावर उतरल्यावर ती टॅक्सीत बसताना म्हणाली, "बाय बाबा." मी हात हलवला.

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. बायको म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?"

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दाढी करत असताना आला. माझ्या फोनवर आला. फेस लागलेल्या कानाला लावला.

"बाबा, आज चेकआउट करू का? आम्ही तिघं. याचे पप्पा हॉलमध्ये झोपतील म्हणतायत, त्यांना चालतं."

माझ्याकडे बोलायला बरंच होतं.

"ये," मी म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "रिकामी खोली! अहो, दार तरी उघडतं का पूर्ण?"

दार पूर्ण उघडत नव्हतं. तिच्या खोलीत थर्मोस्टॅटची खोकी होती, पंख्याच्या मोटारी होत्या, दाराच्या रबरांची भेंडोळी होती, आणि पलंगावर दोन कॉम्प्रेसर होते, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेले, आजारी माणसांसारखे. वर्कशॉपमध्ये भाडं मोजून जागा अडवण्यापेक्षा घरात ठेवलेलं काय वाईट, असं ती गेल्यापासून चाललं होतं. मी अर्ध्या दाढीनेच सुरुवात केली. मेकॅनिकला व्हॅन घेऊन बोलावलं. बायको खोकी लिफ्टपर्यंत ढकलत होती आणि मला ऐकवत होती. शेजारची आजी दार उघडून बघत होती, कोंबड्या हलवतायत की काय.

निम्मंही झालं नव्हतं आणि लिफ्ट उघडली. आधी बॅगा आल्या, मग जावई, मग व्याही, खांद्यावर ती शाल, कारण एसीत थंडी वाजते म्हणे. मुलगी शेवटी. ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. भिंतीवर अजून तिच्या शाळेतलं वेळापत्रक होतं, आणि मध्ये मी, कॉम्प्रेसरला मिठी मारून, गालावर फेस वाळलेला.

"बाबा. रिकामी म्हणजे ही?"

मी खांद्यावर गाल घासून फेस पुसला.

व्याही तिच्या मागून आत आले, वाकून कॉम्प्रेसरवरची पाटी वाचली आणि शिट्टी वाजवल्यासारखे ओठ केले. त्यांना तो आवडला होता. मी तसाच उभा होतो. मुलीने पायातली चप्पल एका बाजूला भिरकावली, केस वर बांधले आणि दुसऱ्या बाजूने वाकली.

"जड आहे," मी म्हणालो.

"माहितीये लाह. धरा तुमच्या बाजूने."